खापर कोणाच्या माथी? ‘ओल्डबॉय’चा अमेरिकी अवतार

स्पाइक लीच्या २०१३ मधल्या ‘ओल्डबॉय’चा, म्हणजे त्याच नावाच्या कोरियन चित्रपटाच्या अमेरिकी रिमेकचा, विषय निघाला की तक्रारींची यादी ठरलेली असते. नायकानं जिवंत ऑक्टोपस खाल्ला नाही. कॉरिडॉरमधली हातोड्याची मारामारी एका दमात घेतलेली नाही. जोश ब्रोलिनला मूळ चित्रपटातल्या चोई मिन-सिकची सर नाही. तक्रारी खऱ्या आहेत, पण वरवरच्या आहेत. चोई मिन-सिकलाच अमेरिकेत नेऊन, तीच मारामारी तशीच चित्रित करून, वर चार ऑक्टोपस ताटात वाढले असते तरी हा चित्रपट पडलाच असता. बिघाड पटकथेच्या मुळाशी आहे. कोरियन चित्रपटात जे पाप नायकाच्या पदरात पडतं, ते अमेरिकी पटकथेनं अलगद उचलून तिसऱ्याच एका माणसाच्या माथी मारलं. असं करणारं हॉलिवूड एकटं नाही. आपल्याकडेही हा प्रकार झाला आहे, आणि त्यातला एक तर मराठी चित्रपटाच्या बाबतीत झाला आहे.

दोन्ही चित्रपटांची रहस्यं फोडल्याशिवाय पुढचं काही मांडता येणार नाही. मूळ कोरियन चित्रपट पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबावं आणि तो आधी पाहावा. लेख कुठे पळून जात नाही.

पार्क चान-वूकचा ‘ओल्डबॉय’ २००३ चा. १९८८ साल, पावसाळी रात्र. ओ दे-सू नावाचा एक बडबड्या माणूस दारू पिऊन पोलीस ठाण्यात धिंगाणा घालतो. त्या दिवशी त्याच्या लहान मुलीचा वाढदिवस असतो. मित्र त्याला सोडवून नेतो, आणि फोनच्या बूथपाशी तो गायब होतो. जाग येते ती एका खोलीत. खिडकी नाही, माणूस नाही, फक्त टीव्ही आणि रोज तळलेल्या मोमोंसारखी मांदू. पंधरा वर्षं. मग एक दिवस, कारण न सांगताच, सुटका. तो हातोडा घेऊन शोधायला निघतो, की आपल्याला कोंडलं कोणी आणि का. वाटेत मी-दो नावाची तरुणी भेटते आणि दोघं प्रेमात पडतात.

कोंडणारा निघतो शाळेतला ली वू-जिन. कारण ऐकून प्रेक्षक आधी चक्रावतो, मग गप्प होतो. १९७९ मध्ये शाळेत असताना दे-सूनं खिडकीच्या फुटक्या काचेतून वू-जिन आणि त्याची सख्खी बहीण सू-आ यांना एकमेकांच्या जवळ आलेलं पाहिलं. त्यानं ते एका मित्राला सांगितलं आणि स्वतः शाळा सोडून सोलला निघून गेला. मित्रानं आणखी कोणाला सांगितलं. गोष्ट वाढत गेली, मुलगी गरोदर असल्याची आवई उठली, आणि सू-आनं धरणावरून उडी घेतली. दे-सूला यातलं काहीही आठवत नाही. त्याच्या दृष्टीनं ते एक वाक्य होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

या कथेची ताकद तिच्या विषम मापात आहे. गुन्हा एका वाक्याचा, शिक्षा पंधरा वर्षांची, आणि तीही अजून संपलेली नाही. नायक विचारत राहतो की मला कोंडलं का, आणि वू-जिन त्याला सुचवतो की खरा प्रश्न सोडलं का हा आहे. उत्तर भयंकर आहे. मी-दो ही दे-सूचीच मुलगी. संमोहनाच्या जोरावर दोघांना एकमेकांच्या वाटेवर आणून सोडलेलं आहे. ज्या नात्याची त्यानं कधी गावभर चर्चा केली, त्याच जातीच्या नात्यात तो आता स्वतः उभा आहे. शेवटी तो वू-जिनचे बूट चाटतो, कुत्र्यासारखा भुंकतो, मुलीला हे कळू नये म्हणून गयावया करतो आणि कात्रीनं स्वतःची जीभ कापून टाकतो. ज्या अवयवानं गुन्हा केला त्यालाच शिक्षा. ग्रीक शोकांतिकेत इडिपसनं डोळे फोडून घेतले, त्याचं हे थेट भावंड आहे.

इथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. पहिल्या काही मिनिटांत पोलीस ठाण्यातली दे-सूची बडबड पाहून आपण हसलेलो असतो. त्याची वटवट आपल्याला गमतीची वाटलेली असते. दीड तासानं कळतं की त्या वटवटीनं एक मुलगी मारली. आपण ज्याला हसलो तेच हत्यार होतं. पार्क प्रेक्षकाला खुर्चीत नीट बसू देत नाही तो इथे. रक्त, उपटलेले दात, त्यावर वाजणारं विवाल्दीचं ‘विंटर’, हा सगळा साज आहे. घाव घालते ती कुजबूज. अशी कुजबूज कोणी केलेली नाही? चाळीत, वाड्यात, वर्गात, आता व्हॉट्सअॅपच्या गटात.

आता अमेरिकी आवृत्ती. नायक जो डूसेट, जाहिरात क्षेत्रातला दारुडा. १९९३ मध्ये त्याला कोंडलं जातं, वीस वर्षांनी सोडलं जातं. खलनायक एड्रियन प्राइस, म्हणजे शार्ल्टो कॉप्ली. इथवर सांगाडा तोच आहे. पण शाळकरी जोनं काय पाहिलं? एड्रियनची बहीण आणि एक वयस्क पुरुष. तो पुरुष म्हणजे तिचा बाप. पुढे कळतं की हा बाप आपल्या दोन्ही मुलांचं लैंगिक शोषण करत होता, आणि गोष्ट बाहेर फुटल्यावर त्यानं बंदूक घेऊन स्वतःचं कुटुंबच संपवलं. एड्रियन तेवढा वाचला.

या एका बदलानं काय काय कोसळतं ते पाहा. मुलीला मारणारी अफवा आता अफवा उरली नाही. मारेकरी समोर उभा आहे, त्याच्या हातात बंदूक आहे, आणि तो राक्षस आहे. जो फार तर एक वाह्यात, तोंडाळ पोरगा ठरतो. मूळ चित्रपटात भाऊ-बहिणीचं नातं जगाच्या दृष्टीनं निषिद्ध होतं, पण वू-जिनच्या दृष्टीनं ते प्रेम होतं, त्यामुळे त्याचा सूड माणसाचा सूड वाटतो. आपल्याला तो पटत नाही तरी कळतो. एड्रियन मात्र बापाच्या अत्याचारानं विस्कटलेला विकृत इसम. त्याला समजून घेण्यासाठी मानसोपचाराचं पाठ्यपुस्तक पुरतं. आणि मुख्य म्हणजे प्रेक्षक मोकळा होतो. मुलांवर अत्याचार करणाऱ्या बापात स्वतःला पाहणारा माणूस थिएटरात जवळजवळ नसतोच. चहाडी करणारे मात्र सगळेच असतात. स्टुडिओनं तिकिटाच्या पैशात प्रेक्षकाला निर्दोषत्वही बहाल केलं.

पाप दुसरीकडे गेल्यावर नायकाचं काय करायचं हा प्रश्न उरतो. अमेरिकी पटकथेनं त्याचं उत्तर अमेरिकेच्या लाडक्या पद्धतीनं दिलं. सुधारणा! सुरुवातीला जोला होता होईल तेवढा किळसवाणा दाखवला आहे, म्हणजे पुढे चढण चांगली दिसेल. मग कोठडीत तो दारू सोडतो, व्यायाम करतो, मुलीला पत्रं लिहितो. कैद त्याला मानवते. शेवटी सत्य कळल्यावर तो मुलीसाठी हिरे आणि पत्र ठेवून स्वतःहून कोठडीत परत जातो आणि समाधानानं हसतो. हिशेब चुकता, प्रायश्चित्त पूर्ण. मूळ चित्रपटाचा शेवट आठवा. बर्फाळ माळरान, संमोहनतज्ज्ञ बाईला स्मृती पुसून टाकण्याची विनवणी, मी-दोची मिठी, आणि दे-सूच्या चेहऱ्यावर हसू की हुंदका हे न कळणारी रेघ. तो विसरला की नाही, आणि विसरला असेल तर ते चांगलं की वाईट, यावर वीस वर्षं लोक भांडत आहेत. जोच्या हसण्यावर कोणी भांडत नाही.

कॉरिडॉरच्या प्रसंगातही हाच फरक आहे, फक्त तो शरीराच्या भाषेत आहे. पार्कनं कॅमेरा भिंतीच्या बाजूनं सरकवत सगळी मारामारी एकाच अखंड शॉटमध्ये घेतली. तीन दिवस आणि सतरा टेक लागले. पाठीत खुपसलेला सुरा तेवढा संगणकावर घातलेला आहे. तो प्रसंग पुन्हा पाहिला तर लक्षात येतं की त्यात मारामारीपेक्षा धापा जास्त आहेत. दे-सू दमतो, बसतो, गुंडही दमतात, सगळे काही क्षण नुसते उभे राहतात. पंधरा वर्षं भिंतीशी बॉक्सिंग केलेला मध्यमवयीन माणूस असाच लढेल. अमेरिकी आवृत्तीत मजले वाढले, माणसं वाढली, आणि ब्रोलिन एखाद्या यंत्रासारखा त्यांना कापत जातो. दिसायला भव्य. पण दमणं गेलं आणि दमण्याबरोबर माणूसही गेला. ऑक्टोपसचंही तेच. चोई बौद्ध आहे. प्रत्येक टेकआधी त्यानं त्या जिवाची क्षमा मागितली, आणि तरी दे-सूची आतली उपासमार दाखवायला तो खाल्ला. ब्रोलिन काचेच्या टाकीतल्या ऑक्टोपसकडे क्षणभर पाहून पुढे जातो. जाणकार प्रेक्षकाला केलेला हा डोळ्याचा इशारा आहे. आदरांजली म्हणावी, तर ती श्रद्धांजलीच वाटते.

लीची बाजूही मांडायला हवी. त्यानं बांधलेली आवृत्ती १४० मिनिटांच्या आसपास होती, पडद्यावर आली ती १०४ मिनिटांची. एरवी त्याच्या चित्रपटांवर असणारी ‘अ स्पाइक ली जॉइंट’ ही खूण त्यानं यावर लावू दिली नाही, साधं ‘अ स्पाइक ली फिल्म’ लिहिलं. कलावंतानं इतक्या जाहीरपणे हात झटकणं हीच साक्ष पुरेशी आहे. तीन कोटी डॉलर खर्चाच्या चित्रपटानं जगभरात पन्नास लाखांच्या आसपास कमावले, म्हणजे व्यापारीही फसले. पण कात्रीची सबब मला एका मर्यादेपर्यंतच मान्य आहे. तो बाप संकलनाच्या टेबलावर जन्मला नाही, पटकथेतच होता.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की रिमेक म्हणजे बदल हे गृहीतच आहे, मग बदलाबद्दल कुरकुर कशाला? आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे, आणि मला बदलाची तक्रार मुळीच नाही. पार्कचा चित्रपट स्वतःच उसना आहे. गारोन त्सुचिया आणि नोबुआकी मिनेगिशी यांच्या जपानी मांगावरून, म्हणजे चित्रकथेवरून, तो घेतला. त्या मांगात कैद दहा वर्षांची आहे, निषिद्ध नात्याचा धागा नाही, आणि सुडाचं मूळ शाळेतल्या एका गाण्याच्या प्रसंगात आहे. पार्कनं जवळजवळ गाभाच बदलला, पण बदलताना ओझं वाढवलं. २००४ मध्ये कानच्या महोत्सवात क्वेंटिन टॅरंटिनोच्या अध्यक्षतेखालच्या परीक्षकांनी त्याला ‘ग्रां प्री’ पारितोषिक दिलं, ते मांगाशी इमान राखल्याबद्दल नव्हे. रिमेक करणाऱ्याला एकच गोष्ट विचारावी. नव्या जमिनीत ही गोष्ट कोणाच्या अंगावर येते?

मार्टिन स्कोर्सेसीला हे कळलं होतं. हाँगकाँगच्या ‘इन्फर्नल अफेअर्स’वरून त्यानं २००६ मध्ये ‘द डिपार्टेड’ केला तेव्हा पोलिसात पेरलेला गुंड आणि गुंडांत पेरलेला पोलीस ही चौकट तेवढी घेतली, बाकी सगळं बॉस्टनच्या आयरिश वस्तीतून उचललं. तिथले गुंड आणि एफबीआय यांच्यातल्या खऱ्याखुऱ्या संगनमताची सावली त्यावर आहे.

लीच्या हातात तर याहून मोठं घबाड होतं. चित्रपटाचं चित्रीकरण न्यू ऑर्लिन्सचं, म्हणजे लुइझियाना राज्यातलं. त्या काळात अमेरिकेत दर लाख लोकसंख्येमागे सर्वाधिक माणसं तुरुंगात टाकणारं राज्य लुइझियाना होतं, आणि खुद्द अमेरिकेत सुमारे २२ लाख माणसं गजाआड होती. कथा १९९३ ला सुरू होते. पुढच्याच वर्षी क्लिंटन सरकारचा तो कुप्रसिद्ध गुन्हेगारीविरोधी कायदा आला, ज्यानं नवे तुरुंग बांधायला राज्यांना पैसा दिला. पैसे घेऊन माणसं कोंडून ठेवणारा खासगी तुरुंग ही कल्पना कोरियन प्रेक्षकाला अद्भुत वाटत असेल. अमेरिकेत तसल्या कंपन्यांचे शेअर बाजारात खरेदी-विक्रीला असतात.

आणि एकांतवास? न्यू ऑर्लिन्सहून दोनेक तासांवर अँगोलाचा तुरुंग आहे, एका जुन्या गुलामांच्या मळ्यावर उभा. तिथे हर्मन वॉलेस या कृष्णवर्णीय कैद्यानं एकेचाळीस वर्षं एकांत कोठडीत काढली. न्यायालयानं त्याची शिक्षा रद्द ठरवून १ ऑक्टोबर २०१३ ला त्याला सोडलं. यकृताच्या कर्करोगानं ४ ऑक्टोबरला तो गेला. ‘ओल्डबॉय’ त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २७ नोव्हेंबरला लागला. पडद्यावर वीस वर्षं एकट्यानं काढणारा गोरा जाहिरातवाला, आणि त्याच मातीत एकेचाळीस वर्षं काढून मेलेला खरा माणूस. दिग्दर्शक कोण, तर वर्णद्वेषावरचा ‘डू द राइट थिंग’ करणारा, कत्रिना वादळावर याच शहरात जाऊन चार भागांचा माहितीपट करणारा स्पाइक ली! हा विषय त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अर्थात चित्रीकरण सुरू असताना वॉलेस सुटेल हे कोणाला ठाऊक नव्हतं. अँगोला मात्र तेव्हाही तिथेच होतं. जोला कोणी कोंडलं याचं उत्तर एका विकृत श्रीमंताऐवजी त्याच्या देशाकडे वळलं असतं, तर प्रेक्षकाच्या खुर्चीत पुन्हा काटा आला असता.

मूळ चित्रपटात हे देशाचं भान कसं झिरपलं आहे तेही पाहण्यासारखं आहे. दे-सूचा टीव्ही पंधरा वर्षांचा इतिहास दाखवतो: डायनाचा मृत्यू, आर्थिक संकट, दोन कोरियांच्या नेत्यांची भेट, २००२ चा विश्वचषक. ज्या १९८८ मध्ये दे-सू गायब होतो, ते सोल ऑलिंपिकचं वर्ष. त्याच्या जेमतेम वर्षभर आधीपर्यंत बुसानमध्ये ‘ब्रदर्स होम’ नावाची छावणी सुरू होती. रस्त्यावरचे भिकारी, दारुडे, भटकी मुलं, कधी नुसतेच वाट चुकलेले लोक पोलीस उचलून तिथे कोंडत. शेकडो माणसं तिथे मेली. पार्कच्या मनात नेमकं हेच होतं असा माझा दावा नाही. पण दारू प्यालेला माणूस पोलीस ठाण्यातून बाहेर पडून गायब होतो, ही गोष्ट त्या देशात निव्वळ कल्पनाविलास नव्हती. अमेरिकी आवृत्तीतही टीव्हीवर क्लिंटनपासून ओबामांपर्यंत सगळे येऊन जातात, पण कॅलेंडरची पानं उलटावीत तसे.

आता आपल्या अंगणात. २००६ मध्ये संजय गुप्ताचा ‘जिंदा’ आला. संजय दत्त, जॉन अब्राहम, बँकॉक, चौदा वर्षं कैद, हातोडाही हजर. श्रेयनामावलीत ‘ओल्डबॉय’चं नाव मात्र नव्हतं. ही उचलेगिरी झाली, पण त्याहून बोलकं म्हणजे बाप-मुलीचा धागाच काढून टाकला. ज्या बातमीसाठी ही सगळी मांडणी होती, ती बातमीच गाळली. उरला तो हिंदी सूडपट. आपल्या सेन्सॉरपुढे आणि प्रेक्षकांपुढे ते चाललं नसतं, हे कारण मी समजू शकतो. मग ती गोष्ट घेऊच नये.

दुसरं उदाहरण मराठी माणसाला जास्त टोचेल. नागराज मंजुळेंच्या ‘सैराट’चा (२०१६) हिंदी अवतार ‘धडक’ (२०१८). करमाळ्याच्या परिसरातली आर्ची आणि मासेमाराचा पोरगा परश्या उचलून उदयपूरच्या हवेल्यांत नेले. भूगोल बदलला याचं मला काही वाटत नाही, राजस्थानात जात कमी नाही. पण जात ओठांवर एखाद-दोन वाक्यांपुरती आली आणि कथेच्या पोटात उतरलीच नाही. ‘सैराट’मध्ये वर्ग, विहीर, मैदान, पाटलाचा वाडा सगळीकडे ती भरून होती, आणि ‘झिंगाट’वर नाचलेला प्रेक्षक शेवटच्या रक्ताळलेल्या पावलांपाशी गोठला, कारण त्या घरातले पाहुणे त्याच्याच ओळखीचे होते. ‘धडक’च्या शेवटीही धक्का आहे. नवरा आणि बाळ मारले जातात, ती वाचते. पण मारणारा आता एका राजकारणी घराण्याचा अहंकार आहे. थिएटरातला माणूस डोळे पुसून, मोकळ्या मनानं गाडी काढायला जातो. बापाची बंदूक आणि हवेलीचा अहंकार, दोघांनी एकच काम केलं.

स्टुडिओंचा नेहमीचा युक्तिवाद असा की सबटायटल्स वाचायला प्रेक्षक तयार नसतो, म्हणून रिमेक लागतात. कोरियन ‘पॅरासाइट’नं २०२० मध्ये चार ऑस्कर घेतल्यानंतर आणि ‘स्क्विड गेम’ घराघरात पाहिलं गेल्यानंतर हे म्हणणं फारसं टिकत नाही. मूळ वस्तू एका बटणावर हजर असताना तिची सौम्य केलेली आवृत्ती कोणाला हवी आहे? रिमेकला आता मूळ चित्रपटाशेजारी उभं राहूनच स्वतःचं कारण द्यावं लागतं. पार्क ते देऊ शकतो. २०१६ च्या ‘द हँडमेडन’मध्ये त्यानं व्हिक्टोरियन इंग्लंडची कादंबरी जपानी अंमलाखालच्या कोरियात आणली. मोलकरीण कोरियन, मालकीण जपानी, आणि तिला कोंडणारा काका मूळचा कोरियन, ज्याला जपानी व्हायची हौस. म्हणजे खापर फुटलं ते स्वतःच्याच समाजातल्या लाचारांच्या डोक्यावर.

आणि ली? २०२५ मध्ये त्यानं पुन्हा एक आशियाई चित्रपट घेतला. अकिरा कुरोसावाचा ‘हाय अँड लो’ त्यानं ‘हायेस्ट टू लोएस्ट’ या नावानं न्यू यॉर्कच्या संगीतधंद्यात उतरवला, डेन्झेल वॉशिंग्टनला घेऊन. अपहरण होतं ते धनाढ्य नायकाच्या चालकाच्या मुलाचं. दुसऱ्याच्या पोरासाठी मी माझी सगळी पुंजी का घालवू, हा ओशाळवाणा प्रश्न १९६३ मध्ये कुरोसावाच्या नायकाला पडला होता, आणि लीनं तो या वेळी वॉशिंग्टनच्याच गळ्यात ठेवला. चित्रपट जागोजागी सैल आहे, मधला बराच भाग मला कंटाळवाणाही वाटला. पण त्या प्रश्नातून सुटायला नायकाला कोणी राक्षस पुरवलेला नाही.